दोन अर्थांचे 'लीन'

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात, सायंकाळची ओपीडी संपता संपता, एका ज्येष्ठ व्यवसायबंधूंचा मुलगा मला भेटावयास आला. इंजिनिअरिंगची पदवी घेऊन त्याला वर्ष झाले होते. कापडी पिशवीतून त्याने एक लहानसे यंत्र काढून माझ्या टेबलावर ठेवले. सलाइनच्या नळीवर ते चिमट्यासारखे बसवावयाचे. पडणारा प्रत्येक थेंब ते मोजणार आणि बाटली संपत आली की सिस्टरच्या मोबाइलवर संदेश पाठविणार. त्याने ते मोठ्या हौसेने चालवून दाखविले. "काकू, तुमच्या वॉर्डात हे वापराल का?" त्याने विचारले. मी म्हणाले, "वापरू की! फारच उपयुक्त आहे. लहान मुलांना तर याची खरी गरज." चहा झाला, मी त्याच्या वडिलांच्या प्रकृतीची चौकशी केली आणि तो समाधानाने गेला.

दोन वर्षांनी ते यंत्र पूर्ण करून तो पुन्हा आला. मध्यंतरी वडिलांचे काही पैसे, थोडे बँकेचे कर्ज आणि उमेदीची दोन वर्षे त्यात गेली होती. आम्ही ते वॉर्डात तीन दिवस लावले. चौथ्या दिवशी सिस्टरनी ते पुसून कपाटात ठेवून दिले. कारण विचारता जी उत्तरे मिळाली, त्यांतील एकही मला नवे नव्हते. बालरुग्णांना आपण सलाइन सरळ बाटलीतून देतच नाही. ब्युरेट सेटमध्ये तासा-दोन तासांपुरते घेऊन देतो, किंवा सिरिंज पंपावर देतो. त्यामुळे बाटली नकळत संपण्याचा प्रसंग मोठ्यांच्या वॉर्डात जितका येतो तितका आमच्याकडे येत नाही. आमची खरी डोकेदुखी निराळी. मूल हात झाडते, सुई शिरेबाहेर जाते, हात सुजतो. आणि थेंब मात्र बराच वेळ इमानेइतबारे पडतच राहतात. शिवाय ड्यूटीवर असताना सिस्टरचे मोबाइल लॉकरमध्ये असतात. तो नियम मीच केलेला.

पहिल्या संध्याकाळी हे मला ठाऊक नव्हते काय? सगळे ठाऊक होते. पण घरचा मुलगा, हौसेने आलेला, सणाचे दिवस. 'छान' म्हणण्यावाचून दुसरे काही सुचले नाही. आपल्याकडे याला शिष्टाचार म्हणतात. त्या शिष्टाचाराची किंमत त्याने दोन वर्षांनी मोजली. आज तो पुण्यात एका संगणक कंपनीत नोकरी करतो, त्याचे चांगले चालले आहे. भेटला की वाकून नमस्कार करतो आणि त्या नमस्काराने मी संकोचून जाते.

या संकोचापोटीच पुढे मी एका अशा विषयाचे वाचन केले, जो आपल्या वैद्यकीय अभ्यासक्रमात कधीच नव्हता: प्रयोगशाळेत किंवा महाविद्यालयात झालेले संशोधन लोकांच्या हाती वस्तुरूपाने का पोहोचत नाही, आणि पोहोचावयाचे तर काय करावे लागते. या संदर्भात गेली दहा-पंधरा वर्षे 'लीन स्टार्टअप' हा शब्द कानांवर पडतो. वर्तमानपत्रांतून तो इतक्या सैलपणे वापरला जातो की, आपल्यासारख्यांना तो तरुण मुलांचा फॅशनेबल शब्द वाटावा. वस्तुतः त्यातील विचार आपल्या धंद्याला चांगलाच परिचित आहे.

'लीन' हा शब्द मुळात मोटारींच्या कारखान्यातला. जपानच्या टोयोटा कंपनीची उत्पादनपद्धती, म्हणजे नको तो साठा नाही, नको ती हालचाल नाही, चूक दिसली की तिथेच काम थांबवावयाचे, हिला अमेरिकेतील एमआयटीमध्ये अभ्यास करणाऱ्या जॉन क्राफ्चिक यांनी १९८८ साली 'लीन' असे नाव दिले. लीन म्हणजे चरबी नसलेले. नव्या उद्योगांच्या बाबतीत हा शब्द वापरला तो एरिक रीस या तरुण उद्योजकाने, आणि त्याचे त्याच नावाचे पुस्तक २०११ मध्ये आले. त्यामागचा मूळ विचार मात्र त्याचे गुरू स्टीव्ह ब्लँक यांचा. सिलिकॉन व्हॅलीत अनेक उद्योग उभे केल्यावर (त्यांतले काही बुडविल्यावरही) हे गृहस्थ बर्कले आणि स्टॅनफर्ड येथे शिकवू लागले. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे: नवा उद्योग म्हणजे मोठ्या कंपनीची लहान आवृत्ती नव्हे. मोठी कंपनी ठाऊक असलेली योजना राबविते. नव्या उद्योगाला अजून काहीच ठाऊक नसते. ग्राहक कोण, त्याला नेमके काय दुखते, तो पैसे देईल का, कोणामार्फत घेईल, ही सारी केवळ गृहीतके असतात. ती कार्यालयात बसून तपासता येत नाहीत. बाहेर पडून लोकांना भेटावे लागते.

आपण डॉक्टरांनी हे असे समजून घ्यावे. रुग्णाला न तपासता केसपेपरवर अंतिम निदान लिहून पाच वर्षांची औषधे लिहून देणारा डॉक्टर कसा वाटेल? बँकेला सादर होणारा भरभक्कम 'प्रोजेक्ट रिपोर्ट' पुष्कळदा तसा असतो. लीन पद्धतीत आधी तात्पुरते निदान लिहितात, कोणत्या तपासणीने ते खोटे ठरेल हे ठरवितात, ती तपासणी कमीत कमी खर्चात करतात आणि उत्तर विरुद्ध आले तर मुकाट्याने निदान बदलतात. या बदलण्याला ते 'पिव्हट' म्हणतात. आपण 'रिव्हाइज्ड डायग्नोसिस' म्हणतो आणि शक्यतो नातेवाइकांच्या कानी जाऊ देत नाही!

आपल्या विषयाच्या दृष्टीने खरी महत्त्वाची घटना २०११ साली घडली. अमेरिकेची नॅशनल सायन्स फाउंडेशन ही सरकारी संस्था विद्यापीठांतील मूलभूत संशोधनाला पैसा पुरविते. शोधनिबंध उदंड होतात, पण त्यांतून उपयोगी वस्तू फार थोड्या निघतात, ही तिची जुनीच खंत. तिने ब्लँक यांचा वर्ग उचलून 'इनोव्हेशन कोअर' या नावाने शास्त्रज्ञांसाठी सुरू केला. पहिल्या तुकडीत एकवीस गट होते. प्रत्येक गटात तिघे: मूळ संशोधन करणारे प्राध्यापक, उद्योगाची धुरा घेणारा त्यांचा विद्यार्थी किंवा पीएचडीनंतरचा संशोधक, आणि व्यवहार जाणणारा एक मार्गदर्शक. पन्नास हजार डॉलरचे अनुदान आणि सुमारे सात आठवड्यांचा काळ. या काळात यंत्र सुधारावयाचे नाही, शोधनिबंध लिहावयाचा नाही. शंभर माणसांना भेटावयाचे, तेही फोनवर नव्हे तर शक्यतो समोरासमोर, आणि दर आठवड्याला वर्गात उभे राहून आपले कोणते गृहीतक खोटे ठरले ते सांगावयाचे. नामांकित प्राध्यापकांना दवाखान्याच्या बाकावर परिचारिकेची वाट पाहत बसविणारा हा अभ्यासक्रम आहे. २०१४ पासून आरोग्य संशोधनाच्या राष्ट्रीय संस्थेनेही, म्हणजे एनआयएचने, तो स्वीकारला.

शंभर भेटींत विचारावयाचे काय, हे एक शास्त्रच आहे. 'हे वापराल का?' हा प्रश्न वर्ज्य. कारण त्याला उत्तर एकच येते, जे मी त्या मुलाला दिले. या विषयावर रॉब फिट्झपॅट्रिक यांचे 'द मॉम टेस्ट' नावाचे छोटेखानी पुस्तक आहे. आपली कल्पना आपल्या आईला सांगितली तर ती प्रेमापोटी 'छान' म्हणणारच, तेव्हा प्रश्न असा हवा की आईलाही खोटे बोलता येऊ नये, एवढ्यासाठी हे नाव. प्रश्न भविष्याबद्दल नको, घडून गेलेल्या गोष्टीबद्दल हवा. काल रात्री सलाइन कसे लावले? मागच्या वेळी गडबड केव्हा झाली? मग काय केलेत? त्यासाठी काही विकत घेतलेत का? आणि आपले यंत्र पिशवीतच ठेवावयाचे, निदान पहिला अर्धा तास तरी. ही तर सरळसरळ हिस्टरी टेकिंग आहे. पहिल्या टर्मला आपल्याला शिकविले होते की, 'पोटात दुखते ना?' असे रुग्णाच्या तोंडात उत्तर घालू नये. त्या मुलाने मला चुकीचा प्रश्न विचारला हे खरे. पण बरोबर उत्तर देण्याला मला कोणी मज्जाव केला नव्हता.

दुसरा पेच 'ग्राहक कोण' हा. साबण विकणाऱ्याला तो फारसा पडत नाही. वैद्यकात मात्र तो पदोपदी पडतो. आमच्या बालरोग ओपीडीतच पाहा. रुग्णाला बोलता येत नाही. आई निर्णय घेते, आजी तो फिरविते, वडील पैसे देतात, आम्ही चिठ्ठी लिहितो आणि औषध कोणत्या कंपनीचे मिळेल हे पुष्कळदा औषधाच्या दुकानदाराच्या हाती असते. रुग्णालयात हीच साखळी आणखी लांब: वापरणारी सिस्टर, निवडणारे डॉक्टर, पैसे देणारे व्यवस्थापन किंवा सरकार, दुरुस्त करणारा तंत्रज्ञ आणि लाभ होणारे बाळ. ब्लँक यांनी ऑक्टोबर २०१३ मध्ये सॅन फ्रान्सिस्को येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात जीवशास्त्र व आरोग्य क्षेत्रासाठी स्वतंत्र वर्ग घेतला. औषधे, निदान, उपकरणे आणि डिजिटल आरोग्य यांसाठी त्यात वेगवेगळ्या शाखा ठेवाव्या लागल्या, कारण प्रत्येकीत पैसे देणारा निराळा, परवाना देणारा निराळा.

नवजात शिशूंच्या क्षेत्रातील दोन उदाहरणे मला विशेष बोलकी वाटतात. पहिले 'निओनर्चर' इन्क्युबेटरचे. गरीब देशांत दान म्हणून पाठविलेली इन्क्युबेटर काही वर्षांत बंद पडतात, कारण सुटे भाग मिळत नाहीत आणि दुरुस्त करणारा नसतो. मोटार मात्र तिथल्या खेड्यांतही दुरुस्त होते. तेव्हा इन्क्युबेटरच मोटारीच्या सुट्या भागांतून बनवावे, अशी सुंदर कल्पना बोस्टनजवळच्या 'डिझाइन दॅट मॅटर्स' या संस्थेने आणि तिच्या सहकाऱ्यांनी प्रत्यक्षात आणली. ऊब हेडलाइटची, हवा मोटारीच्या पंख्याची, धोक्याची सूचना दाराच्या घंटेची. 'टाइम' साप्ताहिकाने २०१० च्या पन्नास उत्कृष्ट शोधांत त्याची गणना केली. संग्रहालयात ते मांडले गेले. पण त्याचे उत्पादन कधी झालेच नाही. बनविणारा कारखानदार कोण, विकत घेणारा कोण, 'आमच्या रुग्णांना मोटारीचे भाग का' असे विचारणारा डॉक्टर कोण, हे प्रश्न कोणी वेळेवर विचारलेच नव्हते. संस्थेचे प्रमुख टिमथी प्रेस्टेरो यांनी २०१२ मधील एका भाषणात ही चूक जाहीरपणे कबूल केली, आणि पुरस्कारांसाठी नव्हे तर माणसांसाठी वस्तू घडवाव्यात, असे त्यांनी सांगितले. अशी कबुली आपल्या परिषदांतून मी आजवर ऐकलेली नाही. तिथे सर्वांच्या सर्व केसेस बऱ्या होतात.

त्याच संस्थेने पुढच्या खेपेस क्रम उलटा केला. व्हिएतनाममध्ये नवजातांची उपकरणे बनविणारी कंपनी आधी गाठली आणि आग्नेय आशियातील रुग्णालये हिंडून पाहिली. काविळीसाठी फोटोथेरपी दिवे होते, चांगल्या प्रतीचे होते; पण एका दिव्याखाली तीन-तीन, चार-चार बाळे दाटीने ठेवलेली, त्यामुळे कोणालाच पुरेसा प्रकाश नाही. (आपल्यापैकी ज्यांनी सरकारी रुग्णालयात रेसिडेन्सी केली त्यांना हे दृश्य सांगावयास नको. बाळाला थंडी वाजेल म्हणून आईने वरून हळूच दुपटे पांघरलेलेही आपण पाहिले आहे.) यावर त्यांनी सिस्टरना प्रशिक्षण देण्याची योजना आखली नाही. 'फायरफ्लाय' नावाचे उपकरण केले, त्यात पाळणा इतका लहान की, दुसरे बाळ मावतच नाही. प्रकाश वरून आणि खालून दोन्हीकडून. माणूस वस्तू चुकीची वापरतो तेव्हा दोष वस्तूचा, हे तत्त्व त्यामागे आहे. ते उपकरण अनेक देशांतील रुग्णालयांत पोहोचले.

दुसरे उदाहरण आपल्या जवळचे. २००७ साली स्टॅनफर्ड विद्यापीठातील एका वर्गात विद्यार्थ्यांना काम मिळाले: नेहमीच्या इन्क्युबेटरच्या एक टक्का किमतीत इन्क्युबेटर करा. जेन चेन, लायनस लिआंग, नागानंद मूर्ती, राहुल पणिक्कर हे त्या गटातले. लिआंग नेपाळला गेले, तर काठमांडूच्या रुग्णालयात इन्क्युबेटर रिकामी. मुदतपूर्व बाळे डोंगरातल्या खेड्यांत जन्मत होती आणि तिथपर्यंत पोहोचतच नव्हती. तेव्हा स्वस्त इन्क्युबेटर हे उत्तरच चुकीचे ठरले. वीज नसताना चालणारे, खेड्यात नेता येणारे काहीतरी हवे होते. त्यातून 'एम्ब्रेस' ही झोपण्याच्या पिशवीसारखी वस्तू निघाली. तिच्यात मेणासारखा पदार्थ असतो. तो वितळून पुन्हा गोठताना चार-सहा तास ३७ अंशांच्या आसपास ऊब देत राहतो. त्यांच्या हाती त्या वेळी लीनचे पुस्तक नव्हते, डिझाइन थिंकिंग नावाची सख्खी बहीण होती. पण रीत तीच. नोव्हेंबर २००९ मध्ये म्हैसूरच्या टेड परिषदेत जेन चेन यांनी ती पिशवी दाखविली आणि ही मंडळी बंगळूरला मुक्काम ठोकून कामाला लागली.

सुरुवातीच्या नमुन्यावर तापमानाचा आकडा दिसत असे. भारतातील एका आईला तो दाखविला आणि ३७ पर्यंत तापवावयाचे असे सांगितले. तिने सरळ सांगून टाकले की, ती त्यापेक्षा कमीच ठेवील. डॉक्टरांचे औषध जहाल असते. एक चमचा सांगितला की आपण अर्धाच द्यावा, तसेच हे. माझ्या पस्तीसएक वर्षांच्या व्यवसायात अर्धा चमचा देणाऱ्या किती आया भेटल्या त्याची गणती नाही, पण ही गोष्ट यंत्राच्या रचनेत घ्यावी हे मला सुचले नसते. त्यांनी आकडाच काढून टाकला. आता फक्त 'ठीक आहे' किंवा 'ठीक नाही' एवढेच दिसते. ही दुरुस्ती कोणत्याही प्रयोगशाळेत झाली नसती.

पण एम्ब्रेसची गोष्ट इथे संपवून टाळ्या घ्याव्यात, इतकी सरळ नाही. वापरणारी आई, लाभ होणारे बाळ आणि पैसे देणारे सरकार यांच्यातले अंतर या हुशार मंडळींनाही सहजासहजी कापता आले नाही. धर्मादाय संस्था आणि कंपनी असे दोन भाग करावे लागले, कंपनीची पैशाची ओढाताण झाली, आणि २०१५ मध्ये त्यांनी अमेरिकेतील सुखवस्तू पालकांसाठी त्याच तंत्राची बाळकपडी बाजारात आणून त्यातून गरीब देशांतील काम चालविण्याचा प्रयत्न केला. दुसरीकडे, या पिशवीचा खरा प्रतिस्पर्धी इन्क्युबेटर नव्हताच. तो होता आईची छाती. कांगारू मातृसेवा १९७८ मध्ये बोगोटा येथे डॉ. एडगर रे यांनी सुरू केली. भारतासह पाच देशांत झालेल्या आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, जन्मानंतर लगेच सुरू केलेल्या कांगारू सेवेने कमी वजनाच्या बाळांचे अठ्ठावीस दिवसांतील मृत्यू १५.७ टक्क्यांवरून १२ टक्क्यांवर आले. तिला वीज लागत नाही आणि निविदाही. उपकरण घडविणाऱ्याने ही फुकटची स्पर्धा प्रथम तपासली पाहिजे; पिशवीची जागा आई आजारी असताना, प्रवासात, दोन वेळांच्या मध्ये, अशी मर्यादित पण खरी आहे.

आता आपल्यासारख्यांच्या मनात हमखास येणारा आक्षेप. 'लवकर चुका, स्वस्तात चुका' हे या पंथाचे ब्रीद संगणकाच्या खेळापुरते ठीक; एक किलो वजनाच्या बाळावर कोणी चुकावयाचे? अर्धवट वस्तू लोकांच्या हाती देऊन पाहावे, हे त्यांचे दुसरे सूत्र आपल्या क्षेत्रात सरळ गुन्हा ठरेल. आक्षेप रास्त आहे, आणि त्याचे उत्तर पद्धतीच्या समर्थकांपैकी सर्वांकडे असतेच असे नाही. माझ्या समजुतीप्रमाणे रेषा अशी आखावी: गरजेबद्दलचे गृहीतक हवे तितक्या वेळा, हवे तितक्या स्वस्तात तपासावे. त्यासाठी पुठ्ठ्याचा खोका, कापडाची बाहुली, नुसता प्रश्नही पुरतो. बाळाला स्पर्श होण्याच्या क्षणी मात्र लीन थांबते आणि नीतिसमिती, मानके, क्लिनिकल ट्रायल आणि भारतात २०१७ चे वैद्यकीय उपकरण नियम सुरू होतात.

ही रेषा पाळणारे उत्तम उदाहरण अमेरिकेतील राइस विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांचे. मलावीसाठी त्यांनी बबल सीपॅपचा जो पहिला नमुना २०१० च्या सुमारास केला, तो माशांच्या टाकीचे पंप प्लॅस्टिकच्या खोक्यात बसवून. त्या खोक्याने एकच प्रश्न सोडविला: या पद्धतीने लागणारा दाब आणि प्रवाह स्वस्तात मिळतो का? मिळतो म्हटल्यावर पुढे रीतसर घडण, चाचण्या आणि मग ब्लँटायर येथील क्वीन एलिझाबेथ रुग्णालयात अभ्यास. २०१४ मधील निष्कर्षांत सीपॅप मिळालेली ७१ टक्के बाळे वाचली, नुसता ऑक्सिजन मिळालेली ४४ टक्के. संख्या लहान होती, पण दिशा स्पष्ट होती. आणि रेषा न पाळल्याचे उदाहरण थेरानोसचे. बोटाच्या एका थेंबावर शेकडो तपासण्या करण्याचा दावा, न जमलेले यंत्र, तरीही रुग्णांचे रक्त घेऊन दिलेले अहवाल. २०१५ मध्ये वृत्तपत्राने बिंग फोडले आणि २०२२ मध्ये संस्थापिका एलिझाबेथ होम्स गुंतवणूकदारांच्या फसवणुकीबद्दल दोषी ठरल्या. त्या कंपनीने बाहेर पडून लोकांना विचारण्याऐवजी आतले कोणाला कळू नये यावरच शक्ती खर्च केली.

आपल्या देशात यासाठी काही सोय आहे का, असे तरुण मंडळी विचारतात. आहे. केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाने २०१२ मध्ये 'बायरॅक' स्थापन केली. तिच्या 'बिग' अनुदानातून कल्पना सिद्ध करण्यासाठी पन्नास लाखांपर्यंत साह्य मिळू शकते. एम्स आणि आयआयटी दिल्ली यांनी स्टॅनफर्डच्या सहकार्याने बायोडिझाइनचा उपक्रम त्याही आधी सुरू केला होता. डॉक्टर आणि इंजिनिअर यांनी आधी वॉर्डात राहून गरजा शोधावयाच्या, हे त्याचे सूत्र. आणि आयआयटी मद्रासचे जे केंद्र 'इनोव्हेशन कोअर'च्या धर्तीवर आपल्या प्राध्यापकांना शंभर भेटींची सवय लावते, त्याच्या नावात शेजारच्या हुबळीचे गुरुराज देशपांडे आहेत. याच देशपांड्यांच्या देणगीतून एमआयटीत संशोधन बाजारात नेण्याचे केंद्र २००२ मध्ये उभे राहिले होते.

पण या शब्दांचा गाजावाजा होण्यापूर्वी आपल्याच बेळगावात एक गोष्ट घडली. ती स्टार्टअपची नव्हे, आणि तिच्या कर्त्यांनी ती तशी म्हणवूनही घेतलेली नाही. तरी या लेखात ती न सांगणे कृतघ्नपणाचे होईल. जवाहरलाल नेहरू मेडिकल कॉलेजच्या संशोधकांनी अमेरिकी सहकाऱ्यांबरोबर बेळगाव जिल्ह्यातील खेड्यांत प्रसूतीनंतरच्या रक्तस्रावावर मिसोप्रोस्टॉलचा अभ्यास केला. १६२० स्त्रिया, गोळी देणाऱ्या सहायक परिचारिका प्रसविका. रक्तस्रावाचे प्रमाण १२ टक्क्यांवरून ६.४ टक्क्यांवर आले. २००६ मध्ये 'लॅन्सेट'ने तो प्रसिद्ध केला. औषध नवे नव्हते. नवा होता तो प्रश्न: जिथे डॉक्टर नाही, फ्रिज नाही, तिथे ही गोळी नर्सबाईंच्या हातून देता येईल का? पण रक्त किती गेले ते मोजावयाचे कसे? घरात, कापडावर, मिणमिणत्या दिव्याच्या उजेडात नजरेने अंदाज करावयाचा म्हणजे फसगत ठरलेली. म्हणून त्यांनी प्लॅस्टिकची एक चादर केली: बाळंतिणीखाली सरकवावयाची, खाली नरसाळ्यासारखी पिशवी, तिच्यावर मापाच्या रेघा. नजरेचा अंदाज या चादरीच्या मापापेक्षा ३३ टक्के कमी येतो, असे याच गटाने दाखवून दिले.

अभ्यासाची गरज म्हणून जन्मलेली ही चादर अभ्यास संपल्यावर कपाटात गेली नाही. ती बनू लागली, विकली जाऊ लागली. ज्या नर्सबाईंनी ती वापरावयाची त्यांच्याच हातांत ती घडली होती, हे मला त्याचे मोठे कारण वाटते. २०२३ मध्ये 'ई-मोटिव्ह' हा अभ्यास प्रसिद्ध झाला: केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका व टांझानियातील ऐंशी रुग्णालये, दोन लाखांहून अधिक प्रसूती. मापाच्या चादरीने लवकर ओळख आणि लगेच एकत्रित उपचार, एवढ्या बदलाने तीव्र रक्तस्राव, त्यासाठीची शस्त्रक्रिया किंवा मृत्यू यांचे एकत्रित प्रमाण ४.३ टक्क्यांवरून १.६ टक्क्यांवर आले. त्यानंतर जागतिक आरोग्य संघटनेने मापाच्या चादरीची शिफारस केली. प्रसूतिशास्त्र हा माझा प्रांत नव्हे. पण त्या आकड्यांमागच्या प्रत्येक जिवंत आईमागे एक बाळ आहे आणि ते आमच्या ओपीडीत येते, म्हणून हा अधिकार घेते.

मराठीत 'लीन' म्हणजे नम्र. इंग्रजी शब्दाशी त्याचा काही संबंध नाही, केवळ उच्चाराचा योगायोग. तरीही बेळगावच्या संशोधकांनी नर्सबाईंकडून शिकून जी चादर केली, तिच्यात मला दोन्ही अर्थ दिसतात.

गेल्या महिन्यात एका स्थानिक इंजिनिअरिंग कॉलेजच्या तीन मुली माझ्याकडे आल्या. फोटोथेरपीच्या दिव्याची तीव्रता मोजणारे स्वस्त यंत्र करण्याचे त्यांच्या मनात होते. आराखडा सुबक होता. 'छान' हा शब्द ओठांवर आला होता, तो गिळला. म्हणाले, "मला दाखवू नका. रात्री दहाला या, वॉर्डात बसा आणि सिस्टरना विचारा, काल रात्री काय काय झाले." त्या आल्या. आमच्या रात्रपाळीच्या सिस्टर खानापूरकडच्या, बोलण्याला पक्क्या. त्यांनी सांगितले की, दिवा कमी की जास्त ते नंतर पाहू; डोळ्यांवरची पट्टी रात्रीत सहा-सात वेळा घसरते, कधी नाकावर येते, मी एकटी आठ बाळांना किती वेळा पट्टी बांधू? मुलींनी विचारले, मग तुम्ही काय करता? सिस्टरनी खिशातून पायमोज्याचा कापलेला तुकडा काढून दाखविला. बाळाच्या डोक्यावर तो चढवून पट्टी धरून ठेवण्याची युक्ती त्यांनी स्वतःच शोधली होती. गेली चार वर्षे त्या माझ्या वॉर्डात तो वापरीत होत्या आणि मला पत्ता नव्हता.

मुलींनी मोज्याच्या तुकड्याचे माप घेतले, फोटो मागितला. बाळाचा फोटो काढू दिला नाही, मोज्याचा दिला. पुढच्या आठवड्यात त्या जिल्हा रुग्णालयात बसणार आहेत, त्यानंतर चिकोडी आणि गोकाकला. तीव्रता मोजणाऱ्या यंत्राचे काय झाले, असे मी त्यांना विचारले, तर त्यांतली धाकटी म्हणाली, "मॅडम, अजून एकवीसच जणांना भेटलोय."